अतिवृष्टी आणि पूर: इशारा कसा वाचावा, नुकसान झाल्यास मदत कशी मिळवावी

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी ऐकून आपण म्हणतो, समुद्र कुठे आणि आपण कुठे! सप्टेंबर 2021 मध्ये 'गुलाब' चक्रीवादळ आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ धडकले. जमिनीवर येताच वारा मंदावला, पण ढग मंदावले नाहीत. तेलंगणामार्गे ते पश्चिमेकडे सरकले आणि दोन दिवसांत शेकडो किलोमीटर दूरच्या मराठवाड्यात काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. पुढे त्याच प्रणालीचे अवशेष अरबी समुद्रात उतरून 'शाहीन' नावाचे नवे वादळ झाले.

म्हणून 'वादळ कमजोर झाले' ही बातमी किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी निश्चिंत होण्याची बातमी नाही. वादळाचे वर्गीकरण वाऱ्याच्या वेगावरून होते: ताशी 31 ते 49 किलोमीटर म्हणजे कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन झालेले 'डिप्रेशन', 62 च्या वर गेले की चक्रीवादळ. पाऊस किती पडेल हे त्या नावावरून कळत नाही.

इशाऱ्याचा रंग म्हणजे काय?

भारतीय हवामान विभाग जिल्हानिहाय रंग जाहीर करतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे आता कृती करा. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', 115.6 पासून 'अति जोरदार' आणि 204.5 किंवा अधिक पडल्यास 'अत्यंत जोरदार' पाऊस मानला जातो. अंदाज यावा म्हणून सांगायचे तर, 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर 10 लाख लिटर पाणी. आपल्या गावात पाऊस नसला तरी वरच्या धरणातून विसर्ग सुरू झाल्याची दवंडी किंवा संदेश आला, तर तो लाल इशाऱ्याइतकाच गंभीर धरा.

'सचेत' या सरकारी ॲपवर आपल्या भागाचे इशारे मिळतात. मदतीसाठी 112, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी 1077 आणि राज्य कक्षासाठी 1070 हे क्रमांक लिहून भिंतीवर लावा. मोबाईल भिजला की त्यातले क्रमांकही जातात.

पाणी येण्याआधी कोणती कागदपत्रे जपावीत?

आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, सातबारा किंवा घराचा उतारा, विम्याची पावती. एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवा आणि शक्य ते डिजिलॉकरमध्ये घ्या. घराचे, गोठ्याचे आणि जनावरांच्या कानातील बिल्ल्याचे फोटो आजच काढून ठेवा. नुकसानीनंतरच्या फोटोला आधीच्या फोटोची जोड असली की वाद कमी होतात.

पूर ओसरल्यावर पहिले काम कोणते?

पंचनामा. घरातला चिखल काढण्याची घाई समजण्यासारखी आहे, पण आधी फोटो घ्या. पंचनामा करणारा कर्मचारी महाराष्ट्र, गोवा व गुजरातेत तलाठी, मध्य प्रदेश व छत्तीसगडमध्ये पटवारी, तर उत्तर प्रदेशात लेखपाल म्हणून ओळखला जातो. आपण कामानिमित्त दुसऱ्या राज्यात राहत असाल, तर जिथे नुकसान झाले त्याच ठिकाणच्या महसूल कार्यालयाकडे जावे लागेल. मूळ गावच्या तलाठ्याला त्यात काही करता येत नाही. पंचनाम्यातील नाव, क्षेत्र आणि खाते क्रमांक वाचूनच सही करा. यादीत नाव नसेल तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही.

किती मदत मिळते?

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या केंद्रीय निकषांनुसार मृत्यू झाल्यास वारसांना 4 लाख रुपये, सपाट भागात घर पूर्ण पडल्यास 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार रुपये आहेत. झोपडीसाठी मात्र 8 हजारच. अंशतः पडझडीत किमान 15 टक्के नुकसान दिसावे लागते. पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000 रुपये. गाय किंवा म्हैस दगावल्यास 37,500, शेळी-मेंढीसाठी 4,000. पिकाचे 33 टक्के किंवा अधिक नुकसान असल्यास जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. काही राज्ये स्वतःची भर घालतात, म्हणून आपल्या राज्याचा चालू शासन निर्णय तहसील कार्यालयात विचारा.

ही रक्कम 'मदत' आहे, नुकसानीची पूर्ण भरपाई नव्हे. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. खाते बंद असेल किंवा केवायसी अपूर्ण असेल, तर मंजूर रक्कमही अडकते.

विमा असेल तर?

पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीचे नुकसान 72 तासांच्या आत कळवावे लागते, क्रमांक 14447. कापून शेतात पसरलेल्या पिकाला वादळी पावसापासून 14 दिवसांपर्यंत संरक्षण आहे. पण ही जोडसंरक्षणे प्रत्येक राज्यात लागू नाहीत. महाराष्ट्राने खरीप 2025 पासून पीक कापणी प्रयोगावर आधारित भरपाईच ठेवली. त्यामुळे आपल्या राज्यात काय लागू आहे ते विमा भरतानाच विचारा, पूर आल्यावर नव्हे.

20 रुपयांच्या सुरक्षा विम्यात पुरात बुडून झालेला मृत्यू अपघात धरला जातो आणि 2 लाख रुपये मिळतात. या विम्याचे वर्ष 1 जूनला सुरू होते. मेअखेरीस खात्यात 20 रुपये नसल्यामुळे विमा बंद पडलेली कुटुंबे ऐन पावसाळ्यात उघडी पडतात.

घर सोडावे लागले तर रेशनचे काय?

'एक देश, एक रेशन कार्ड' व्यवस्थेत देशातील कोणत्याही स्वस्त धान्य दुकानातून आपला कोटा घेता येतो. त्यासाठी रेशन कार्ड क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगून अंगठा द्यावा लागतो; मूळ कार्ड वाहून गेले तरी चालते. दुकानदाराने नकार दिल्यास 1967 वर कळवा.