स्फोट आणि इमारतीचे स्तंभ : मजबुतीकरणाची तत्त्वे

जैनथ येथील प्राचीन लक्ष्मीनारायण मंदिराचे दगडी खांब शतकानुशतके छताचा भार वाहत आले आहेत. वरून येणारे वजन दगड सहज पेलतो. मात्र आडव्या धक्क्यापुढे तो दुबळा ठरतो. काँक्रीटचा स्वभावही असाच आहे. म्हणूनच त्यात पोलादी सळया घालून प्रबलित काँक्रीट, म्हणजेच आरसीसी, तयार केले जाते. आज खेडोपाडीही घरे, शाळा आणि दुकाने आरसीसीच्या स्तंभांवर उभी राहत आहेत. स्फोट हा या स्तंभांची परीक्षा पाहणारा सर्वांत तीव्र आडवा धक्का होय.

हा विषय केवळ घातपातापुरता मर्यादित नाही. ३० जून २०२५ रोजी संगारेड्डी जिल्ह्यातील पाशमैलारम येथे औषधनिर्मिती क्षेत्रातील एका कारखान्यात स्फोट होऊन इमारत कोसळली आणि ४० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनांत स्फोटाइतकेच किंवा त्याहून अधिक बळी ढिगारा घेतो.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईच्या शेअर बाजार इमारतीच्या तळघरात मोटारीतील बॉम्बचा स्फोट झाला. मोठी जीवितहानी झाली, परंतु बहुमजली इमारत उभी राहिली. याउलट १९ एप्रिल १९९५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे ट्रकमधील बॉम्बने दर्शनी बाजूचा एक स्तंभ उद्ध्वस्त केला आणि लगतचे दोन निकामी केले. वरच्या मजल्यांचे स्तंभ ज्या मोठ्या तुळईवर टेकले होते, तिचा आधारच गेला. जवळपास अर्धी इमारत खाली आली. १६८ जणांचा मृत्यू झाला. काही मोजक्या आधारांच्या नाशातून मोठा भाग कोसळण्याच्या या प्रक्रियेस ‘क्रमिक पतन’ म्हणतात.

स्फोटाचा दाब काही सहस्रांश सेकंदच टिकतो. जवळच्या स्फोटात काँक्रीटचे कवच उडते, सळया उघड्या पडतात आणि स्तंभ वरच्या किंवा खालच्या टोकाशी कातरला जातो. त्यातच लाटेमुळे छताची लादी वर उचलली जाऊन स्तंभ व लादीचा सांधा खिळखिळा होऊ शकतो.

मजबुतीकरणाच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिली, काँक्रीट जॅकेटिंग : जुना पृष्ठभाग खरवडून, नव्या उभ्या सळया व जवळजवळ रिंगा बांधून भोवती नवे काँक्रीट ओततात. यात स्तंभाचा आकार व वजन वाढते. दुसरी, पोलादी जॅकेट : स्तंभाभोवती पत्रे वेल्डिंगने जोडून मधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरतात. तिसरी, कार्बन किंवा काचतंतूंचे कापड इपॉक्सीने गुंडाळणे. यासाठी चौकोनी स्तंभाचे कोपरे आधी गोलसर करावे लागतात, अन्यथा तंतू तेथेच तुटतात. इपॉक्सी उष्णतेने मऊ पडते. म्हणून त्यावर अग्निरोधक थर हवा. तिन्ही पद्धतींचे मुख्य काम एकच : आतील काँक्रीट आवळून धरणे व कातर रोखणे.

त्याआधी तपासणी अनिवार्य आहे. गंजलेल्या सळयांवर जॅकेट चढवणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

नव्या बांधकामात हे काम स्वस्तात साधते. भूकंपरोधक तपशिलांसाठीच्या आयएस १३९२० या भारतीय मानकानुसार स्तंभाच्या टोकांशी रिंगांमधील अंतर १०० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावे आणि रिंगेचे टोक १३५ अंशांत आत वळवावे. हीच काळजी स्फोटातही उपयोगी पडते. स्फोटरोधक आराखड्यासाठी १९६८ चे आयएस ४९९१ हे स्वतंत्र मानक आहे.

सर्वांत प्रभावी संरक्षण मात्र अंतराचे. घनमूळ नियमानुसार ५ मीटरवरील १०० किलो स्फोटकाचा कमाल दाब १० मीटरवरील ८०० किलोइतका असतो. म्हणजे अंतर दुप्पट केले, तर तेवढ्याच दाबासाठी आठपट स्फोटक लागते. म्हणून वाहने स्तंभांपासून दूर थांबवणारे अडथळे आणि सिलिंडर व रसायनांचा साठा मुख्य इमारतीबाहेर ठेवणे, हे उपाय कोणत्याही जॅकेटच्या आधी यावेत.

कोणताही स्तंभ पूर्णतः अभेद्य करता येत नाही. एक स्तंभ गेला तरी उरलेल्यांनी भार वाटून घ्यावा आणि आतील माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळावा, हेच मजबुतीकरणाचे उद्दिष्ट आहे.