पारदर्शकतेची नोंद : काळ्या पडद्यापासून अल्फा चॅनेलपर्यंत

१/ धुळ्याच्या देवपूर भागात एखाद्या चौकात लागलेला वाढदिवसाचा फ्लेक्स पाहावा. माणसाचे छायाचित्र एका ठिकाणचे, मागचे आकाश दुसरीकडचे. तरी सांधा चटकन दिसत नाही. हा सांधा जुळवणाऱ्या ‘अल्फा चॅनेल’चा हा इतिहास.

२/ दोन चित्रे एक करण्याची धडपड संगणकाहून जुनी आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) ते ‘कालिया मर्दन’ (१९१९) या काळातील पौराणिक चित्रपटांना चमत्कार हवेच होते. तेव्हाच्या चित्रपटसृष्टीतील एक रीत अशी : काळ्या पडद्यासमोर नटाचे चित्रण करायचे, फिल्म मागे गुंडाळायची आणि तिच्यावरच दुसरे दृश्य टिपायचे. काळ्याकडून प्रकाश येत नसल्याने फिल्मचा तेवढा भाग कोरा राही.

३/ मात्र दुसऱ्या दृश्याचा प्रकाश नटाच्या आकृतीवरही पडला, तर ती भुतासारखी आरपार दिसे. म्हणून आकृतीच्या आकाराचे आवरण, म्हणजे ‘मॅट’, वापरात आले. पुढे मॅटची फिल्म वेगळी असे. ती किंचित सरकली, तरी आकृतीभोवती काळी रेघ उमटे.

४/ १९७७च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी हे वेगळेपणच संपवले. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथी संख्या ठेवली : हा बिंदू किती झाकतो? तीच अल्फा. मॅट आता चित्राचाच भाग झाली.

५/ गणित सोपे आहे. केसाच्या कडेवरील पिक्सेलचे मूल्य २००, मागच्या पडद्याचे ४० आणि अल्फा ०.२५ असेल, तर २०० चा पाव भाग ५० आणि ४० चा पाऊण भाग ३० मिळून ८०. ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या मधल्या या पायऱ्यांमुळेच केस कात्रीने कापल्यासारखे दिसत नाहीत.

६/ १९८४ मध्ये लुकासफिल्मच्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रे एकमेकांवर ठेवण्याचे नियम सूत्रबद्ध केले. रंग आधीच अल्फाने गुणून साठवावेत, म्हणजे काम सुटसुटीत होते, हेही त्यांनी मांडले. या कार्यासाठी चौघांनाही १९९६ मध्ये ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

७/ १९८९च्या जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक, नाहीतर पूर्ण अपारदर्शक. म्हणून कडा दातेरी. १९९६च्या पीएनजीने मधल्या सर्व पायऱ्या दिल्या. नेहमीच्या जेपीईजीत मात्र अल्फाला जागाच नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या लोगोमागची पारदर्शकता जाते ती यामुळेच. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते.

८/ इतिहासप्रेमींसाठी येथे एक इशारा आहे. थर एकजीव करून जेपीईजी केले, की कोणता भाग कुठून आला याची नोंद पुसली जाते. किल्ल्याच्या छायाचित्रावर कुणी तोफ चढवली, तर पन्नास वर्षांनी ती तेथे होतीच असे कुणी म्हणेल. वि. का. राजवाडे यांनी अस्सल कागदांसाठी गावोगाव पायपीट केली. १९२६ मध्ये त्यांचे धुळ्यात निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांचा आग्रह चित्रांनाही लागू आहे : जोडचित्र जरूर करा, पण मूळ छायाचित्र आणि थरांची फाईल जपा, आणि जोड केली आहे हे चित्राखाली लिहा.