होशंगाबादचा विज्ञानशिक्षण-प्रयोग आणि परीक्षेचा प्रश्न

विद्यार्थ्यांस विज्ञानाची गोडी का लागत नाही, याचे कारण बहुधा अध्यापनपद्धतीत शोधले जाते. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम्) जिल्ह्यातील उपक्रमाचा इतिहास पाहता ते अपुरे वाटते. १९७२ साली 'किशोर भारती' आणि रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी १६ शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तो आरंभिला. चौघा-चौघांचे गट स्वतः प्रयोग करीत, निरीक्षणे वहीत नोंदवीत व मग साऱ्या वर्गात त्यांवर वाद घालीत. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात प्रश्न असत. उत्तरे शोधणे मुलांकडे असे.

गटपद्धती तशी अपूर्व नव्हे. खरे धाडस होते ते परीक्षेत. आठवीच्या परीक्षेस पुस्तक व वही जवळ बाळगण्याची मुभा होती. प्रत्यक्ष प्रयोगासही गुण होते. पाठांतराचे मोल असे उतरल्यामुळेच, आमच्या मते, वर्गातील चर्चेला अर्थ आला. अन्यथा चतुर विद्यार्थ्याने ती कालापव्ययच मानली असती.

१९७८ मध्ये उपक्रम जिल्हाभर पसरला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. २००२ साली राज्यशासनाने तो बंद केला आणि त्या शाळांत इतरत्र चालणारीच पाठ्यपुस्तके आली.