निर्जंतुक थेंबाची कुळकथा

डोळ्यात औषधाचा थेंब टाकण्याची रीत दोन हजार वर्षांची तरी नक्कीच आहे. तो थेंब निर्जंतुक असलाच पाहिजे, हा नियम मात्र जेमतेम सत्तर वर्षांचा.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात थेंबाचा मूळपुरुष सापडतो. उघड्या डोळ्यात थेंब सोडणे म्हणजे ‘आश्च्योतन’, आणि मिटल्या डोळ्यावर औषधाची बारीक धार धरणे म्हणजे ‘सेक’. कोणत्या कामासाठी किती थेंब, हेही तिथे सांगितले आहे. अंजनाचे प्रकार देताना गुटिका आणि चूर्णही येतात. रोमन वैद्यांकडेही डोळ्याचे औषध सुक्या कांडीच्या रूपात असे. तिला ‘कोलिरियम’ म्हणत. कांडी ओली असताना तिच्यावर दगडी शिक्का उमटवत. वैद्याचे नाव, औषध आणि रोग कोरलेले असे शिक्के फ्रान्स व ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येने मिळाले आहेत. गरज पडली की कांडी पाण्यात किंवा अंड्याच्या पांढऱ्यात उगाळायची. जंतूंची कल्पना कोणालाच नव्हती. पण सुक्या औषधात जंतू सहसा वाढत नाहीत, हा फायदा आपोआप मिळत होता.

एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राने ही घडी मोडली. बेलाडोनातून अ‍ॅट्रोपिन वेगळे झाले. १८७०च्या दशकात काचबिंदूसाठी फायसोस्टिग्मिन आणि पायलोकार्पिन आले. १८८४मध्ये कार्ल कोलरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. ही द्रव्ये पाण्यात सहज विरघळतात, म्हणून औषध कांडीतून बाटलीत आले. फार्मासिस्टने द्रावण करायचे, बाटलीत भरायचे आणि त्याच बाटलीतून अनेक दिवस थेंब काढायचे. ड्रॉपर दर वेळी पापणीला लागून परत बाटलीत जायचा. इंजेक्शन निर्जंतुक हवे, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पटले होते. डोळ्याचे थेंब मात्र ‘वरून लावायच्या’ औषधांतच मोजले जात राहिले.

हा समज फ्लुओरेसीनने उघडा पाडला. हा पिवळा-हिरवा रंग कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा कुठे आहे ते दाखवतो. त्याच्या द्रावणात स्यूडोमोनास हा जंतू मजेत वाढतो. धडधाकट कॉर्नियातून तो सहसा आत शिरत नाही; ओरखडा असेल तर मात्र एकदोन दिवसांत पडदा पोखरून टाकू शकतो. म्हणजे जखम शोधायला घातलेला थेंबच जंतूला जखमेपर्यंत पोचवत होता. १९५१मध्ये अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ सॅम्युएल किमुरा यांनी उपाय सुचवला: रंग कागदाच्या पट्टीत मुरवून सुकवायचा, पट्टी निर्जंतुक करायची आणि ऐन वेळी ओली करून डोळ्याला लावायची. औषध पुन्हा सुक्या रूपात परतले. नेत्रतज्ज्ञांच्या टेबलावर ती पट्टी आजही असते.

सगळीच औषधे कागदावर सुकवता येत नाहीत. १९५३मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने निर्जंतुक नसलेले नेत्रद्राव भेसळयुक्त ठरवले आणि १९५५च्या अमेरिकी औषधकोशात निर्जंतुकतेची अट आली. आता फार्मासिस्टच्या ओट्यावरचे काम बदलले. उष्णता सोसणारे द्रावण ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे ठेवायचे. फायसोस्टिग्मिनसारखे, बिघडले की लालसर होणारे औषध मात्र गाळूनच घ्यावे लागते. त्यासाठीची पटलगाळणी झिगमाँडी आणि बाखमान यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ग्यॉटिंगेनमध्ये तयार केली होती. आधी ०.४५ मायक्रॉनची छिद्रे पुरेशी मानत. त्यांतूनही एक बारीक जंतू निसटतो हे १९६०मध्ये लक्षात आले आणि ०.२२चे माप रूढ झाले.

निर्जंतुक असूनही थेंब झोंबता कामा नये. त्यासाठी त्यातल्या क्षारांचा दाब अश्रूंशी, म्हणजे साधारण ०.९ टक्के मिठाच्या पाण्याशी जुळवावा लागतो. १९४७ची व्हाइट-व्हिन्सेंट रीत इथे कामी येते. एक टक्क्याचे ३० मिली पायलोकार्पिन करायचे तर ०.३ ग्रॅम औषधाला मिठाशी तुल्य गुणांक ०.२४ आणि १११.१ यांनी गुणायचे. उत्तर येते ८ मिली. तेवढ्या निर्जंतुक पाण्यात औषध विरघळवले की दाब जुळतो. उरलेले २२ मिली समदाबी द्रावणाने भरायचे.

बाटली पुन्हा पुन्हा उघडली जाते म्हणून बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे परिरक्षक घालतात. शस्त्रक्रियेत डोळ्याच्या आत सोडायच्या धारेत मात्र ते चालत नाही, कारण कॉर्नियाच्या आतल्या पेशी त्याने मरतात. ही धार म्हणजे ‘सेका’ची दूरची वारस. तिच्यात सोडियमसोबत पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही तोलून घालतात आणि उघडलेली बाटली दुसऱ्या रुग्णासाठी वापरत नाहीत.

भारतात हे सगळे १९४५च्या औषध नियमांतील परिशिष्ट ‘एफएफ’मध्ये बांधलेले आहे. बाटलीवर बारीक अक्षरात असते ते यातलेच: उघडल्यापासून एका महिन्यात वापरा, टोक कशालाही लावू नका. नियम असला तरी तो पाळला जातोच असे नाही. चेन्नईजवळच्या कारखान्यात बनलेल्या कृत्रिम अश्रूंमुळे २०२३मध्ये अमेरिकेत साथ उघडकीस आली. जंतू स्यूडोमोनासच होता. ८१ रुग्ण बाधित झाले, १४ जणांची दृष्टी गेली, चौघे दगावले.

कारखान्यातली चूक आपल्याला घरी बसून दिसणार नाही. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहिणे, एकाची बाटली दुसऱ्याला न देणे आणि महिना उलटला की उरलेले औषध टाकून देणे, एवढे मात्र आपल्याच हातात आहे. तेवढे कराच.