सोळा आण्यांची साखळी

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच आहे, असे आपण भूगोलात वाचतो आणि पान उलटतो. पण समुद्र कुठे आणि सातपुड्यातले हे पठार कुठे! ही उंची मोजतात तरी कशी, असे वर्गातल्या एखाद्या पोराने विचारले, तर भल्याभल्या मास्तरांची तारांबळ उडावी.

जुन्या मोजणीदारांपाशी याला एक गमतीचा उपाय होता. लहानसे भांडे, खाली दिवा आणि आत नाजूक उष्णतामापक. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी उष्णतेवर उकळते. समुद्रकाठी १०० अंशांवर, तर तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी सुमारे ९६ अंशांवर. त्या चार अंशांत सारा डोंगर मावतो! वर डाळ शिजायला अंमळ वेळ लागतो, त्याचेही कारण हेच.

उंचीला किटली, तशी लांबीला साखळी. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीतली साखळी ३३ फुटांची. तिचे भाग १६, आणि एकेका भागाला नाव 'आणा'! एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. काटकोन धरायला शंकू, नकाशा काढायला तिपाईवरचे फलकयंत्र. सपाटीवर हे सोपे. खरी कसोटी तोरणमाळच्या उतारांवर. ३० अंशांच्या उतारावर जमिनीलगत १०० फूट मोजले, तर नकाशात ते साडेशहाऐंशीच भरतात. म्हणून साखळी आडवी ताणायची, टोकाशी ओळंबा सोडायचा आणि पायरीपायरीने उतरायचे. शिवाय उन्हात लोखंड वाढे, कड्या झिजून लांबी बदले. साखळी वरचेवर ताडून पाहावी लागे.

पण या साखळीच्या आठवणीने गहिवरण्यापूर्वी खानदेशचा इतिहास आठवावा. १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी इंदापूर तालुक्यात बसवलेली मोजणीची पद्धत १८५२ साली याच सातपुड्याच्या पायथ्याशी आली. साखळी शेतात शिरली की मागोमाग सारा वाढणार, ही लोकांची धास्ती. सावदा, फैजपूर, एरंडोल या बाजूंना हजारो शेतकरी मोजणीविरुद्ध जमले. सरकारने फौज आणली, पुढाऱ्यांना धरले आणि मोजणी पुढे रेटली. साहेबाच्या हातातले मोजमाप कुणब्याला बेडीसारखे दिसले, यात नवल ते काय?

आज साखळी अडगळीत गेली. २००६च्या वनहक्क कायद्यानंतर याच डोंगरांतल्या वनजमिनी उपग्रहाच्या आधाराने, हातातल्या जीपीएस यंत्राने मोजल्या जाऊ लागल्या. काम झटपट झाले. कड्याकपारींतून साखळी ओढायचे कष्ट वाचले. ते कष्ट परत यावेत, असे कोण म्हणेल?

मात्र एक गोष्ट साखळीबरोबर गेली. ती बांधावरून सरके तेव्हा मालक आणि शेजारी उभे राहून मोजू शकत. लिहिता न येणाऱ्यालाही सोळापर्यंत मोजता येई. भांडायचे झाले तर कशावरून भांडायचे, ते डोळ्यांना दिसे. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा मात्र म्हाताऱ्या पावऱ्याला किंवा भिल्लाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. म्हणून यंत्र कितीही नवे असो, मोजणी बांधावर, शेजाऱ्यांसमक्ष व्हावी आणि तिथेच मोठ्याने वाचून दाखवावी. ज्याची जमीन, त्याला तिचे माप कळलेच पाहिजे.