नाविकचा संकेत आणि सायकलस्वाराचे स्वस्त यंत्र

२९ मे २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘एनव्हीएस-०१’ या उपग्रहाचे प्रक्षेपण झाले, तेव्हा बातम्यांचा सारा भर त्यातील स्वदेशी रुबिडियम अणुघड्याळावर होता. ते स्वाभाविकही होते. मात्र त्याच उपग्रहावर दुसरी एक नवी गोष्ट होती आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही: एल-१ या वारंवारितेवरील नागरी संकेत. डोंगरातील पायवाटांवर सायकल चालवून त्यांचा नकाशा करू पाहणाऱ्या आणि त्यासाठी परवडणारे यंत्र शोधणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्या दिवशीची खरी बातमी हीच होती.

असा नकाशा करण्याची कल्पना मे २००० पूर्वी जवळजवळ व्यर्थ होती. अमेरिकेचे संरक्षण खाते जीपीएसच्या नागरी संकेतात हेतुपुरस्सर चूक मिसळत असे आणि त्यामुळे दाखवलेले स्थान शंभर मीटरपर्यंत ढळत असे. घाट उतरणाऱ्या वाटेच्या दोन वळणांत कित्येकदा दहा-पंधरा मीटरांचेच अंतर असते. शंभर मीटरांच्या चुकीत अशी सारी वळणे विरघळून जातात. १ मे २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी ही भेसळ थांबवण्याची घोषणा केली आणि काही तासांतच चूक दहा-वीस मीटरांवर आली. लोकांच्या हातातील यंत्रे तीच होती. स्वस्त यंत्र एका रात्रीत उपयोगी ठरले ते कोणत्याही नव्या शोधामुळे नव्हे, सरकारी निर्णयामुळे. पुढे २००४ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला आणि अशा यंत्रांनी टिपलेल्या वाटांना हक्काचे घर मिळाले.

भारताने स्वतःच्या प्रणालीला २००६ मध्ये मंजुरी दिली. पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला, सातवा एप्रिल २०१६ मध्ये, आणि प्रणालीला ‘नाविक’ हे नाव मिळाले. तिचे संकेत होते एल-५ आणि एस या दोन पट्ट्यांत. गोम इथेच होती. बाजारातील स्वस्त चिप केवळ एल-१ ऐकत असे, कारण जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ आणि बेइदोऊ या चौघांचेही नागरी संकेत त्याच वारंवारितेवर किंवा तिच्या आसपास मिळतात. एका अँटेनावर काम भागते. नाविकसाठी निराळी जोडणी हवी, म्हणजे खर्च वाढणार. २०१९ पासून व्यापारी वाहनांच्या स्थानदर्शक यंत्रांत नाविक सक्तीचे झाले, २०२० पासून काही मोबाइल फोनांत ते आले. सायकलच्या हँडलवरील छोटे यंत्र मात्र भारताच्या आकाशातील भारतीय उपग्रहांच्या बाबतीत बहिरेच राहिले.

यातील विपर्यास असा की भौतिकीच्या दृष्टीने एल-५ हाच सरस संकेत आहे. उपग्रहाचा संकेत म्हणजे ठरावीक ठोक्यांची मालिका. एल-१ वरील जीपीएसच्या नागरी संकेतात एका ठोक्याची लांबी सुमारे ३०० मीटर भरते, एल-५ मध्ये सुमारे ३० मीटर. कड्यावरून किंवा ओल्या पानांवरून परावर्तित होऊन उशिरा आलेला संकेत मूळ संकेतापासून वेगळा काढणे आखूड ठोक्यांत सोपे जाते. म्हणजे निलगिरीतील शोलांत किंवा हिमाचलच्या देवदारांखाली जो संकेत सर्वांत कामाचा, तोच स्वस्त यंत्राच्या आवाक्याबाहेर होता.

दरम्यान घड्याळांनीही दगा दिला. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो. घड्याळ बिघडले की उपग्रह दिशादर्शनाच्या कामाचा उरत नाही. पहिल्या उपग्रहावरील तिन्ही आयात घड्याळे बंद पडली. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ रोजी उष्णतारोधक कवच न उघडल्याने वाया गेला. एप्रिल २०१८ मध्ये दुसरा पाठवावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये गेलेला ‘एनव्हीएस-०२’ नियोजित कक्षेत पोहोचलाच नाही. एल-१ चा भारतीय संकेत त्यामुळे अजून विरळच आहे. शिवाय त्याची रचना नवी असल्याने जुने यंत्र तो आपोआप ओळखेल असेही नाही.

म्हणून यंत्राच्या खोक्यावर किती देशांच्या प्रणालींची नावे छापली आहेत यापेक्षा ते किती वारंवारिता ऐकते, हे पाहणे शहाणपणाचे. एल-१ आणि एल-५ दोन्ही ऐकणारे यंत्र खिशाला झेपत असेल, तर रंगीत पडद्यावरचा खर्च वाचवून ते घ्यावे. झेपत नसेल, तर एकच वाट अनेकदा चालवून सरासरी काढण्याचा जुना उपाय आहेच. त्यात एक मेख आहे. जीपीएसचे उपग्रह दर २३ तास ५६ मिनिटांनी आकाशात जवळजवळ त्याच जागी परततात. रोज सकाळी सहालाच निघणाऱ्याला तोच कडा, तेच उपग्रह आणि बव्हंशी तीच चूक भेटते. सरासरीने ती जात नाही. दुसरी फेरी दुपारी मारावी, तिसरी सूर्यास्ताच्या सुमारास.