दिमिष्काची मशीद आणि संत योहानाची समाधी

दिमिष्क हे नाव आम्हां ख्रिस्ती जनांच्या कानांवर मिस्साच्या वाचनांतून नेहमी पडते. याच नगराच्या वाटेवर शौलाला प्रभूचे दर्शन घडले आणि ‘नीट’ नावाच्या रस्त्यावरील एका घरात हनन्याच्या हातून त्याची गेलेली दृष्टी परत आली. सीरियाच्या या राजधानीत उमय्यद मशीद उभी आहे. तिच्या प्रार्थनागृहात एक समाधी असून तेथे संत योहान बाप्तिस्ता यांचे शिर ठेवले आहे, अशी श्रद्धा आहे. मुसलमान बंधू त्यांना याह्या पैगंबर म्हणून वंदन करतात. आमच्या संताची समाधी मशिदीत कशी, हे समजून घेण्यास त्या जागेचा इतिहास पाहिला पाहिजे.

येथे आरंभी अरामी लोकांच्या हदाद देवाचे मंदिर होते. रोमन अमलात तेथे ज्युपिटरचे विशाल देवालय उभे राहिले. चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोसियस यांच्या काळात त्या जागी चर्च झाले व पुढे ते संत योहानाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. म्हणजे दुसऱ्याचे पूजास्थान प्रथम आपल्याच पूर्वजांनी घेतले, हे आपण विसरता कामा नये.

इ. स. ६३५ च्या सुमारास नगर अरबांच्या हाती गेले. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे एकाच आवारात दोन्ही धर्मांची उपासना चालली. दक्षिणेच्या एकाच दरवाजातून सारे आत शिरत. ख्रिस्ती डावीकडे चर्चकडे वळत, मुसलमान उजवीकडे नमाजाच्या जागेकडे, असे अरबी इतिहासकार लिहितात. त्या दरवाजावर ख्रिस्ताचे राज्य सार्वकालिक असल्याचे सांगणारा, स्तोत्र १४५ वर आधारलेला ग्रीक लेख कोरलेला आहे. तो कोणी पुसला नाही.

इ. स. ७०६ मध्ये खलिफा पहिला वलीद याने चर्च ताब्यात घेऊन पाडले व मशिदीचे काम आरंभिले. ते ७१५ च्या सुमारास पूर्ण झाले. ख्रिस्तसभेचे आचार्य दिमिष्कचे संत योहान याच नगरात वाढले. त्यांचे वडील खलिफांच्या दरबारी अधिकारी होते. ऐन तारुण्यात त्यांनी हा घाव पाहिला असावा. पुढे खलिफा दुसरा उमर (७१७–७२०) याच्याकडे ख्रिस्ती लोकांनी दाद मागितली. जागा परत देण्याची त्याची तयारी होती, असे इतिहासकार बलाधुरी नोंदवितो. अखेर तडजोड झाली: ख्रिस्ती लोकांनी या जागेवरील हक्क सोडला व त्यांना इतर चर्च परत मिळाली.

बांधकामाच्या वेळी भुयारात संत योहानाचे शिर सापडले आणि वलीदने ते तेथेच जतन करविले, अशी परंपरा आहे. त्याच शिराचा मान रोममधील एक चर्चही सांगते. तो वाद आम्ही येथे उकरीत नाही. मशिदीच्या भिंतींवर सोनेरी काचतुकड्यांनी नद्या, वृक्ष व प्रासाद चितारले आहेत. करबलाच्या रणात इ. स. ६८० मध्ये धारातीर्थी पडलेल्या इमाम हुसेन यांच्या शिराचे स्थानही याच आवारात मानले जाते. त्यासाठी शिया यात्रेकरू दुरून येतात. आग्नेयेकडील मिनाराला ईसाचे, म्हणजे येशूचे नाव आहे. १८९३ च्या आगीत प्रार्थनागृहाची फार हानी झाली. पुढे त्याची पुन्हा उभारणी झाली.

६ मे २००१ रोजी परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी या मशिदीत पाऊल ठेवले. मशिदीत प्रवेश करणारे ते पहिले परमगुरू होत. संत योहानाच्या समाधीपाशी ते स्तब्ध उभे राहिले. ख्रिस्ती व मुसलमान यांनी परस्परांस दुखविल्याबद्दल देवाकडे क्षमा मागावी आणि एकमेकांस क्षमा करावी, असे आवाहन त्यांनी त्या दिवशी केले. गेलेले चर्च त्यांनी परत मागितले नाही. २४ जूनला संत योहानाचा जन्मसोहळा साजरा करताना आपणही त्या समाधीचे स्मरण करू या. कोणाची जागा कोणी घेतली, याचा हिशेब मांडू लागलो तर त्यात आपलेही नाव निघेल, ही जाणीव मनात असली की शेजाऱ्यासाठी हात जोडणे सोपे जाते.